बाद केलेलं सॅम्पल

४ मार्च

दादा,

नमस्कार वगैरे. सहा वर्षांनी लिहितेय म्हणून भावनेचं काही असेल असं समजून घाबरू नकोस. कामाचं आहे. फोन केला असता, पण माझा नंबर बघून तू उचलणार नाहीस, आणि उचललासच तर मी पहिल्या वाक्याला भांडेन. पत्रात निदान तुला मध्ये तोंड घालता येत नाही.

विचारायचं ते असं. आमच्या लॅबमध्ये चौदा नोव्हेंबरला एका बाईंचं रक्त घेतलं. वय एकाहत्तर. तक्रार एकच, तळहातांना आणि तळपायांना खाज. अंगावर पुरळ मात्र नाही. बिलिरुबिन नॉर्मल, डोळे स्वच्छ. म्हणून बाईल ॲसिड लावलं. आकडा आला एकोणीस. उपाशीपोटी तो दहाच्या आत हवा हे तुला मी सांगायला नको, ही टेस्ट या हॉस्पिटलात तूच सुरू केलीस. पण काही खाऊन आलेल्या माणसाचा एकोणीस येऊ शकतो. पोटात अन्न गेलं की पित्त आतड्यात उतरतं, आतडं ते शोषून यकृताकडे परत पाठवतं, आणि वाटेत थोडं रक्तात सांडतं. बाई खाऊन आल्या आहेत अशी खात्री वाटल्यामुळे आमच्याकडच्या तंत्रज्ञ बाईंनी सॅम्पल बाद केलं.

तुझा कागद अजून मशीनशेजारच्या भिंतीवर आहे. चिकटपट्टी सुटत आली आहे, अक्षर तसंच. नियम चौथा: 'रुग्ण उपाशी नसेल तर सॅम्पल बाद. आकडा रिपोर्टवर लिहायचा नाही, तोंडीही सांगायचा नाही.' त्याप्रमाणे लिहिला नाही, सांगितलाही नाही. पुन्हा रक्त द्यायला त्या बाई आल्या नाहीत. आल्या त्या फेब्रुवारीत, पिवळ्या होऊन.

नियम पाचवाही तुझाच: 'उरलेलं सीरम फेकायचं नाही.' म्हणून त्या सॅम्पलची एक छोटी नळी अजून उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये पडून आहे. आमचं मशीन सगळी बाईल ॲसिडं एकत्र मोजतं आणि एकच आकडा फेकतं. तुझ्याकडचं मशीन एकेक वेगळं करून मोजतं म्हणे. तर त्यावरून सांगता येईल का, की तो एकोणीस खाण्यामुळे आला होता, की पित्ताची वाट तेव्हाच अडली होती?

प्रश्न तांत्रिक आहे. उत्तरही तसंच चालेल.

आई बरी आहे.

— फौजदार


१७ मार्च

दादा,

उत्तर नाही. परदेशी टपालाला दहा दिवस लागतात हे मला कळतं, पण आता इथे दहा दिवस म्हणजे फार झाले.

मागच्या पत्रातलं शेवटचं वाक्य खोटं होतं. आई बरी नाही. त्या एकाहत्तर वर्षांच्या बाई म्हणजे आई.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ती खिडकीशी बसून सुईत दोरा ओवत होती. तुला आठवत असेल, सुई उजेडाकडे धरते, मान मागे टाकते आणि डोळे असे मोठे करते की दोऱ्याची काय बिशाद. मी चहाचा कप घेऊन समोर उभी होते. डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा दिसला. सव्वीस वर्षं मी लोकांची पिवळी सीरमं बघतेय, तो रंग मला झोपेतसुद्धा ओळखू येईल. कप ठेवला आणि म्हणाले, 'चल.'

'कुठे?'

'हॉस्पिटलात.'

'एवढं काज करून घेते.'

काज केलं तिने. गाठ मारली, दोरा दातांनी तोडला, ब्लाउजच्या गठ्ठ्याला तारखेची आणि मापाची चिठ्ठी टाचणीने लावली. चाळीस वर्षांत एक कापड तिने बिनचिठ्ठीचं ठेवलेलं नाही. मग चप्पल घातली.

पुढचं तुला तुझ्या भाषेत सांगते. पित्तनलिकेचा कर्करोग. यकृताच्या दोन्ही बाजूंनी येणाऱ्या दोन नळ्या जिथे मिळतात, नेमका तिथे. सर्जननी केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. आईने ते उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, 'हे तर विजारीचं आसन झालं. तिथेच उसवतं नेहमी.' सर्जन हसले. मग माझ्याकडे बघून हसायचे थांबले.

तिला बाहेर बसवून मी विचारलं, तीन महिने आधी आलो असतो तर? ते म्हणाले, 'तेव्हा बहुतेक एकाच फांदीत असणार. यकृताची डावी बाजू काढून टाकता आली असती. कदाचित.' आता दोन्हीकडे पसरलंय, चाकू लावण्यात अर्थ नाही. मी मोजमापाची माणूस आहे दादा. मला प्रत्येक आकड्यापुढे एकक लागतं. या 'कदाचित'चं मी काय करू ते मला कळत नाही.

तिच्या उजव्या बरगडीखालून एक नळी काढली आहे. पित्त बाहेर एका पिशवीत जमतं. रोज सकाळी मी ती मापात रिकामी करते आणि किती मिलिलिटर ते लिहून ठेवते. आई त्या पिशवीला पर्स म्हणते. 'माझी पर्स दे,' म्हणते आणि बाथरूमला जाते. खाज त्यामुळे पुष्कळ कमी झाली. आधी लाकडी फूटपट्टीने तळपाय खाजवायची, रक्त येईपर्यंत. मी त्वचारोगवाल्यांकडून तीन मलमं आणली होती. फूटपट्टीच्या कडेला तपकिरी डाग आहेत, ते अजून धुतलेले नाहीत.

तुला कळवायला तिची बंदी होती. 'साहेब घाईत येईल आणि घाईत जाईल, त्यापेक्षा नको,' म्हणाली. महिन्याच्या पहिल्या रविवारी तू तिला फोन करतोस तेव्हा मी मुद्दाम बाहेर जाते, त्यामुळे ती तुला काय सांगते ते मला माहीत नाही. सगळं छान चाललंय असंच सांगत असणार. तसं बोलण्यात तिचा हात कोणी धरणार नाही.

सॅम्पल बाद करणाऱ्या त्या तंत्रज्ञ बाईंना मी काही बोलले नाही. त्यांची जुनी नोकरी आहे. आणि रुग्ण खोटं बोलते हा त्यांचा अनुभव होता म्हणे. जाऊ दे.

सॅम्पलच्या नळीचं काय ते कळव.

— फौजदार


३० मार्च

दादा,

तुझं पत्र आलं. साडेतीन ओळी. मी चौथीच्या शोधात कागद उलटून पाहिला.

'नळी पाठव. ड्राय आईस भरपूर घाल. खाल्ल्यानंतरचं चित्र आणि अडथळ्याचं चित्र वेगळं दिसतं, सांगता येईल. सॅम्पल बाद कोणी केलं?'

तू ते दुसरं पत्र मिळायच्या आधी लिहिलं आहेस, तारखेवरून कळतं. म्हणजे आईचं तुला ठाऊक नसताना, एका कोणत्यातरी बाईसाठी तू हा प्रश्न विचारलास. आणि बरोबर तोच विचारलास.

मी केलं. तंत्रज्ञ बाई म्हणजे मीच. उगाच तिसरी व्यक्ती उभी केली.

आता बसून नीट लिहिते. कॅन्टीनमध्ये आहे, जेवणाची सुट्टी अर्धा तास आहे.

आई साखरेच्या तपासणीला खाऊन यायची हे तुला आठवतं का? तू असतानाच एकदा झालं होतं. नंतर तीनदा. प्रत्येक वेळी शपथ घ्यायची आणि प्रत्येक वेळी शिवणयंत्राच्या खणात बिस्किटांचा डबा सापडायचा. फौजदार हे नाव मला त्यावरूनच पडलं. 'फौजदार आली, खण लावा,' असं ती गिऱ्हाइकांना सांगायची आणि सगळ्या बायका हसायच्या. मीही हसायचे. तेरा नोव्हेंबरला संध्याकाळी मी तो डबा काढून माझ्या कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. चौदाला सकाळी तिला माझ्याबरोबरच लॅबमध्ये आणलं, मीच सुई टोचली. दहा वाजता एकोणीस आला. ती बाहेर बाकावर बसली होती.

'काय खाल्लंस?'

'काही नाही.'

'आई.'

'अगं शपथ. पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.'

'मग हे काय?' तिच्या स्वेटरवर छातीपाशी कण होते. पिवळट, भुगा झालेले. बाहीवरसुद्धा.

'खडू आहे तो. कापड बेतत होते पहाटे. खाजेने झोप लागत नाही, मग काय करू?'

'पहाटे पाचला कोणाचं कापड बेततेस तू?'

यावर ती गप्प बसली. एकदम. तिथे मला वाटलं, सापडली. बाकावर सातआठ माणसं होती. त्यांच्यासमोर मी म्हणाले, 'बिस्किटाचा चुरा मला ओळखू येत नाही होय? डबा काढला तर दुसरा ठेवलास ना?' दोघंतिघं हसली. तीही हसली, पण कान लाल झाले होते. मी तो कण बोटावर घेऊनसुद्धा बघितला नाही. दिवसभर मी काय करते? लोकांच्या अंगातून निघालेलं थेंबथेंब तपासते. आणि आईच्या स्वेटरवरून एक कण उचलायला मला वेळ झाला नाही.

आत जाऊन रजिस्टरमध्ये लिहिलं, 'उपाशी नव्हती. बाद.' आकडा तिला सांगितला नाही. नियम चौथा.

घरी जाताना ती म्हणाली, 'पुन्हा तुझ्या त्या खुर्चीत बसणार नाही.' मला वाटलं, रुसलीय, आठवड्याभरात येईल. मी दोनदा म्हटलं, ती नाही म्हणाली, मीही हट्टाला पेटले. डबा परत दिला नाही. असे तीन महिने गेले.

आज मला एक गोष्ट राहून राहून आठवते. बाबा गेले तेव्हा तू तुझ्या प्रयोगात अडकला होतास आणि मी फोनवर ओरडले होते, 'आता येऊच नकोस, पोचवायचं त्यांना पोचवून झालं.' ते तू खरं धरलंस. सहा वर्षं. मला म्हणायचं होतं लगेच निघ, हे तुला कळायला हवं होतं असं मी धरून चालले. मी रागाने बोललेलं तू खरं मानलंस, आणि आई खरं बोलली ते मी खोटं मानलं. एका आईची मुलं आपण, आणि दोघांनाही माणसाचं बोलणं ऐकता येत नाही.

नळी पाठवते.

— मी


१० एप्रिल

दादा,

परवा पार्सल गेलं. थर्माकोलच्या खोक्यात, चारी बाजूंनी ड्राय आईस, मधोमध नळी. नळीवर चौदा नोव्हेंबरची तारीख आणि सॅम्पलचा नंबर आहे, नाव नाही. अर्ध्या चमच्याहून कमी आहे दादा. एवढ्याशा पाण्यात माझं काय काय अडकलंय ते फॉर्मवर लिहायला जागा नव्हती. 'आतील वस्तू' या रकान्यात मी 'सीरम, संशोधनासाठी' असं लिहिलं.

आईची तब्येत उतरतेय. मापाच्या टेपने तिने काल स्वतःची कंबर मोजली आणि 'चार इंच आत घ्यावं लागेल' म्हणाली. पर्समधलं पित्त आता कधी गढूळ येतं, मध्येच ताप चढतो, गोळ्यांनी उतरतो.

तुझं पत्र आल्याचं मी तिला सांगितलं. तिने पहिल्यांदा माझ्याकडे असं बघितलं, जणू मी बिस्किटं खाताना सापडले आहे. मग विचारलं, 'साहेब तिकडे करतो तरी काय? मला कधी धड सांगितलं नाही. पित्तावर काम करतो म्हणाला, मला वाटलं आम्लपित्तावर.'

तुझे पेपर मी वाचते हे तुला माहीत नसेल. सगळे वाचले आहेत. म्हणून सांगायला बसले. यकृत कोलेस्टेरॉलपासून बाईल ॲसिडं बनवतं. बाहेर सोडण्याआधी प्रत्येकाला एक छोटा तुकडा जोडतं, म्हणजे ती पाण्यात नीट विरघळतात. मग ती पित्तनलिकेतून आतड्यात उतरतात. तिथले जंतू तो तुकडा तोडतात, काहींचं रूपच बदलतात, आणि ती सुटी झालेली बरीचशी पुन्हा यकृताकडे येतात. दिवसातून अनेक फेऱ्या. तुझं म्हणणं असं, की तुकडा जोडलेली ॲसिडं नळीत तुंबून राहिली तर नळीच्या पेशींना ती वाढा वाढा म्हणून सांगतात. पेशींवर ते ऐकणारी दारं असतात. आणि सुटी झालेली असतात ती उलट आवर घालतात. पण वाटच अडली की आतड्यापर्यंत काही पोचत नाही, मग सुटं होऊन परत येणार कुठून?

आईने डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं झोपली. मग म्हणाली, 'म्हणजे अस्तर लावलेलं सगळं तुंबलं, आणि बिनअस्तराचं तयारच झालं नाही.'

दादा, इतकं सोपं तुझ्या एकाही पेपरात नाही.

'आणि हे नक्की असतं का असंच?' तिने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की उंदरांमध्ये दिसलंय, माणसांत अर्धंमुर्धं, आधी गाठ की आधी तुंबणं हेही प्रत्येक वेळी सांगता येत नाही. 'मग एवढी वर्षं काय करतोय तो?' म्हणाली. मी तुझी बाजू घेतली. स्वतःचंच मला नवल वाटलं. मी म्हटलं, आई, असंच असतं, एकेक धागा सुटा करत बसायचं. ते तिला पटलं.

मग पार्सलचं सांगितलं. का पाठवलं, काय कळणार, सगळं. ती बराच वेळ पांघरुणाची कडा चाचपत होती, शिवण तपासल्यासारखी.

'उगाच त्याला त्रास दिलास,' म्हणाली. 'खाल्लं होतं मी.'

'काय?'

'त्या दिवशी. दोन बिस्किटं. तुला घाबरून नाही म्हटलं.'

'कुठली बिस्किटं? डबा माझ्याकडे होता.'

'दुसरा होता. तू म्हणालीसच ना तेव्हा.'

'मग तीन महिने रुसून का बसलीस?'

'चोरी पकडली की माणूस रुसतोच,' म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

एवढी वर्षं मी तिची खोटी शपथ ओळखत आलेय. ती शपथ घेताना माझ्या डोळ्यांत बघते. खरं बोलताना कुठेतरी दुसरीकडे बघते, कामात असल्यासारखी. या वेळी ती पांघरुणाकडे बघत होती. म्हणजे खरं असेल. की आजारी माणसाला हे नियम लागू होत नाहीत? मला काही समजेनासं झालंय. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. ती खाऊन आली असेल तर मी फक्त एक खडूस बाई आहे. ती उपाशी असेल तर मी तिचे तीन महिने घालवले, आणि त्यांच्यापुढे कदाचित कितीतरी वर्षं.

म्हणून तुझ्या पाया पडून सांगते, आकडे येतील तसेच लिही. मला सांभाळून घेऊ नकोस. तुला ते तसंही कधी जमलं नाही.

— मी


२८ एप्रिल

दादा,

फोनवर आपण दोघंही धड बोललो नाही. मी 'गेली' म्हणाले, तू 'कधी' म्हणालास, मी वेळ सांगितली. मग तू 'आता येऊ का?' असं विचारलंस आणि मी फोन ठेवला. ठेवायचा नव्हता. हात चालला.

क्रमाने लिहिते.

तुझं पत्र बावीस तारखेला आलं. मी ते तिच्या पलंगाशी उभी राहूनच फोडलं. 'नळी तपासली. खाल्ल्यानंतरचंच चित्र आहे, शंका नाही. अडथळ्याची कोणतीही खूण नाही. सॅम्पल बाद करायलाच हवं होतं. तुझ्या जागी मी असतो तर हेच केलं असतं. आईला सांग, मी नऊ मेचं तिकीट काढलंय.' मी मोठ्याने वाचलं. दोनदा वाचलं.

आई एवढी खूश झाली की विचारू नकोस. 'बघ,' म्हणाली, 'सांगत होते ना? आता तरी फौजदारकी सोड.' मग म्हणाली, 'नऊ मे म्हणजे किती दिवस?' मी मोजून सांगितले, सतरा. ती म्हणाली, 'थांबते.'

मी त्या दिवशी रडले दादा. लॅबमध्ये सीरम वेगळं करायच्या मशीनचा आवाज मोठा असतो, तिथे जाऊन रडले. एवढं हलकं मला बाबा जाण्याच्या आधीपासून वाटलं नव्हतं. संध्याकाळी कपाटातला तो डबा काढला, दोन बिस्किटं चहात बुडवून तिला दिली. एक तिने खाल्लं. दुसरं 'नंतर' म्हणाली.

पंचवीसला ताप आला तो उतरला नाही. बरगडीखालच्या नळीच्या वाटेने जंतू आत गेले होते. रक्तात पसरले. औषधं बदलली, सर्जन दोनदा येऊन गेले. सव्वीसला सकाळी नऊला गेली. शुद्धीत नव्हती, त्यामुळे काही म्हणाली वगैरे नाही. लोक विचारतात शेवटी काय म्हणाली म्हणून, मी सांगते झोपेत गेली. हात मात्र हलत होते, अंगठा आणि बोट एकमेकांवर, दोरा ओढतात तसे. ते मी कोणाला सांगितलं नाही. तुला सांगतेय.

तिच्या गिऱ्हाईक बायका आल्या होत्या. प्रत्येकीने तिच्याच हातचं घातलं होतं. ठरवून नव्हे, त्यांच्याकडे दुसरं काही चांगलं नव्हतंच म्हणाल्या.

लिहिण्यासारखं आता एवढंच.

— मी


७ मे

दादा,

आज पार्सल परत आलं.

मी ते आधी ओळखलंच नाही. वाटलं लॅबचं काही सामान आहे. मग खोक्यावर माझंच अक्षर दिसलं. वर शिक्का आहे: 'कागदपत्रं अपुरी, पुढे पाठवता येत नाही.' सीमेवरच्या गोदामात पडून होतं. माझी चिकटपट्टी जशीच्या तशी आहे, चारी कडांना मी केलेल्या सह्यांसकट. कोणी उघडलेलं नाही. आत बर्फ कधीच उडून गेलाय आणि नळी गरम आहे. आता त्या सीरममधून कोणालाही काहीही कळणार नाही, तुलाही नाही.

म्हणजे तू काही तपासलं नाहीस. तुझ्याकडे ते पोचलंच नव्हतं.

खोकं मांडीवर घेऊन मी खूप वेळ बसले. आधी तुझा राग आला, पहिल्यासारखा, भडकून. मग तुझं पत्र काढून पुन्हा वाचलं. तुला खोटं लिहिता येत नाही हे लक्षात यायला हवं होतं मला. तुझ्या कुठल्याही पेपरात 'शंका नाही' हे शब्द नाहीत. 'कोणतीही खूण नाही' असं तू कधी लिहीत नाहीस, तू 'आढळली नाही' लिहितोस. आयुष्यात पहिल्यांदा तू माझ्यासाठी खोटं बोललास आणि ते इतकं वाईट बोललास.

मग मी ते केलं जे गेले दहा दिवस टाळत होते. आईच्या शिवणयंत्राचा खण उघडला. बॉबिनी, बटणं, टाचण्यांची डबी, ती फूटपट्टी. दुसरा डबा नाही. खालच्या कपाटात बेतलेल्या कापडांचे गठ्ठे होते, ज्यांचे त्यांना द्यायला म्हणून एकेक काढत गेले. सगळ्यांत खाली, वर्तमानपत्रात गुंडाळून, गडद निळ्या कापडाचा गठ्ठा होता. पुरुषाचा शर्ट. पाठ, पुढचे दोन तुकडे, दोन बाह्या, कॉलर. कापडावर पिवळ्या खडूच्या रेघा. हात लावला तर बोटांवर भुगा आला. बिस्किटाच्या चुऱ्यासारखाच दिसतो दादा. अगदी तसाच. पण बोटावर चोळला की कळतं.

चिठ्ठी लावलेली आहे. '१४ नोव्हेंबर. साहेब. छाती चाळीस, बाही पंचवीस, गळा साडेपंधरा.'

म्हणून ती गप्प बसली होती. कोणाचं कापड बेततेस असं मी विचारलं, आणि तुझं नाव माझ्यासमोर काढायची तिची टाप नव्हती. बाकावर सगळ्यांदेखत मी तिला चोर म्हटलं, ते तिने घेतलं, पण तुझं नाव नाही घेतलं.

याने ती उपाशी होती हे सिद्ध होत नाही, असं तू म्हणशील. बरोबर आहे, होत नाही. पण ती उपाशी होती. हे कळायला मला कुठलंच मशीन लागायला नको होतं.

तिने मला खोटं सांगितलं आणि तू मला खोटं लिहिलंस, एकमेकांना न विचारता, तेच खोटं. मी ते घेते. खरं म्हणून नाही. दिलंत म्हणून घेते. बाकी जे माझं आहे ते माझ्याकडे राहील, त्यात तू आता हात घालू नकोस. भिंतीवरचा तुझा कागद मी काढलेला नाही. चौथ्या नियमाखाली पेनने फक्त एवढं लिहिलं: 'त्याआधी रुग्णाला पुन्हा विचारा, आणि ऐका.'

हे पत्र पोचेल तेव्हा नऊ मे उलटून गेलेली असेल. तू ते तिकीट ठेवलंस की परत केलंस हे मला माहीत नाही. म्हणून उद्या सकाळी लॅबला जायच्या आधी तुला फोनही करणार आहे. माझा नंबर बघून उचल. मी काय वाटेल ते बोलेन, तिकडे लक्ष देऊ नकोस. बोलून झालं की निघ.

शर्टाचे तुकडे जोडायचे राहिले आहेत. मला सरळ शिवण तेवढी येते, ती मी घालते. पण हे माप सहा वर्षांपूर्वीचं आहे, आणि नवं घ्यायला तू समोर उभा असावा लागतोस.

— फौजदार